बन्सीधरला भिणारं पिल्लू

ताडकळसच्या बसस्टँडमागे बन्सीधरचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली जळालेली मोटार आणून टाकली की तो तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून काढायचा, नवी तांब्याची भरायचा आणि मोटार पुन्हा पाण्यात जायची. हात असा होता की पूर्णेकडची माणसंसुद्धा त्याच्याकडे यायची. मग दारू लागली. आधी हंगाम संपल्यावर, मग हंगामात, मग दुकानाचं शटर वर करायच्याही आधी. तार भरायची खाच बारीक असते, तिथं थरथरता हात चालत नाही. गिऱ्हाईक तुटलं. त्याचा राग घरात निघायला लागला.

घरात बायको मंजुषा आणि मुलगी वैदेही. मंजुषा अंगणवाडीत मदतनीस. गालावर वळ दिसला की बाया विचारायच्या आणि ती ‘दाराची कड लागली’ म्हणायची. बायाही मान हलवायच्या. एका संध्याकाळी वैदेही दोघांच्या मधे पडली. बन्सीधरनं तिला ढकललं आणि पोरीचं कपाळ उंबऱ्यावर फुटलं. टाके पडले. दुसऱ्या दिवशी मंजुषाचा भाऊ बालाजी सोनपेठहून आला, भाचीला गाडीवर बसवलं आणि घेऊन गेला. त्यानंतर वैदेही आईशी फोनवर बोलायची, पण मागून बापाचा आवाज आला की फोन ठेवायची.

हे बन्सीधरला लागलं. तो आपल्या पायानं परभणीच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि राहिला. सुटायच्या दिवशी तिथल्या सिद्धोधन नावाच्या समुपदेशकानं नवराबायकोला समोर बसवलं.

“घरी गेल्यावर रिकामं बसू नका,” तो म्हणाला. “एखादा जीव पाळा. सकाळी उठून त्याचं करायचंच, असा.”

केंद्रापासून थोड्याच अंतरावर, वसमत रस्त्याला भक्ती नावाची मुलगी सोडून दिलेल्या कुत्र्यामांजरांचं आश्रयघर चालवायची. तिथूनच दोघं तिकडे गेले. पत्र्याच्या शेडमध्ये पिलांची झुंबड होती. सगळी जाळीवर चढत होती, भुंकत होती, बोटं चाटत होती. एक काळपट तांबडी पिल्ली मात्र मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती.

“ती नका घेऊ,” भक्ती म्हणाली. “पोत्यात बांधून नाल्यात टाकली होती कुणीतरी. मागचा पाय मोडलेला होता, तो आता जुळलाय. पण पुरुष दिसला की मुततेच ती. माझ्या भावालासुद्धा जवळ येऊ देत नाही.”

मंजुषा बराच वेळ जाळीतून बघत राहिली.

“हीच द्या,” ती म्हणाली.

बन्सीधरनं तिच्याकडे पाहिलं. का, असं विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर पिल्ली जी बाजेखाली शिरली, ती तिथंच. मंजुषानं भाकरी दुधात कुस्करून ठेवली की बन्सीधर घरात नसेल तेवढ्यापुरती बाहेर यायची, चार घास गिळायची आणि त्याच्या चपलेचा आवाज आला की पुन्हा आत. तो नुसता खोकला तरी बाजेखालून पाण्याचा ओघळ यायचा. तो फडकं घ्यायचा, गुडघ्यावर बसून पुसायचा, आणि तो वाकला की ती आणखी मागे सरकून भिंतीवर नखं ओढायची.

त्याची स्वतःची अवस्था वाईट होती. झोप नव्हती. अंगावर मुंग्या चालायच्या. दुकानात बसला की समोरून जाणारा येणारा म्हणायचा, “काय बन्सी, सुटली का खरंच?” आणि हसायचा. तार हातात घेतली की बोटं नाचायची. तो दुपारीच घरी यायचा, तर घरात त्याला बघून लपणारं जनावर. मग तो ओट्यावर बसायचा. जेवणही बाहेरच मागायचा.

“आत या की,” मंजुषा म्हणायची.

“नको. तिला खाऊ दे आधी.”

एकदा त्याला वाटलं, आपण आपल्या हातानं ठेवून बघावं. मंजुषा चुलीपाशी होती. दहीभात कालवलेली जर्मनची ताटली घेऊन तो दबकत बाजेकडे गेला. हात थरथरत होताच. ताटली सुटली, फरशीवर आदळून वाजत गोल फिरत राहिली. पिल्ली किंचाळली. अगदी माणसाच्या लेकरासारखी. बन्सीधर दचकून मागे वळला, तर मंजुषानं कोपर वर करून तोंड झाकून घेतलं होतं.

ताटली थांबली. मंजुषाचा हात हळूहळू खाली आला. तिनं लगबगीनं भात गोळा करायला घेतला, जणू काही झालंच नव्हतं.

“मंजू, माझ्या हातून निसटली.”

“हो. म्हाईतंय.”

“मग तू हात कामून वर केलास?”

ती भात वेचत राहिली. “केला का? माझ्या ध्यानात न्हाई.”

तो बाहेर गेला आणि भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. दारू सोडली म्हणजे सगळं सुटलं असं त्याला वाटत होतं. केंद्रातून निघताना हार घातला होता त्याला. पण घरात दोन जीव त्याच्या हाताकडे भीतीनं बघत जगत होते, आणि त्यातल्या एकीला ते आपण करतोय हेही कळत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पिल्लीनं खाणं टाकलं. आधी मंजुषाला वाटलं, भीतीनंच. मग ओकारी झाली, पिवळ्या फेसाची. दुसऱ्या दिवशी जुलाब, आणि त्यात रक्त. घरभर एक उग्र, गोडसर घाण वास पसरला. पिल्ली बाजेखालून आपणच बाहेर आली आणि दाराच्या मधोमध आडवी पडली. बन्सीधर तिच्या अंगावरून गेला तरी हलली नाही.

“अवो, ही भेईना गेली तुमाला,” मंजुषा म्हणाली.

परभणीला पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मोटारसायकलवर मागे मंजुषा, तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पिल्ली. डॉक्टरांनी पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या.

“पार्व्हो आहे,” ते म्हणाले. “लहान पिलांना होतो. वाचतातही, जातातही. रोज सलाईन लावावं लागेल, रोज आणावं लागेल.”

“कुठून आला ओ डॉक्टर? आश्रयघरात लस तर दिलती म्हणले,” मंजुषा म्हणाली.

“एका लशीनं भागत नाही. आणि रोग कुठूनही येतो. मातीतून, चपलेला लागूनसुद्धा.”

बन्सीधरनं आपल्या पायातल्या चपलेकडे पाहिलं. ती चप्पल त्यानं परत येताना रस्त्यात काढून फेकली आणि अनवाणी गाडी चालवत घरी आला.

“नाव काय लिहू?” असं सलाईन लावणाऱ्या मुलीनं विचारलं होतं, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. नाव ठेवलंच नव्हतं. बन्सीधर एकदम म्हणाला होता, “गंगी.” बाहेर आल्यावर मंजुषा चिडली. “कशाला ठेवलं नाव? जायचं ते निनावी गेलेलं बरं.”

रोजच्या फेऱ्या सुरू झाल्या. मंजुषाची रजा संपली आणि बन्सीधर एकट्यानं नेऊ लागला. गंगीला धरायला कुणी नसल्यानं मंजुषा तिला जुन्या लुगड्याच्या झोळीत घालून त्याच्या छातीशी बांधून द्यायची. गाठ मारताना मंजुषाची बोटं त्याच्या मानेला लागायची. तेवढाच त्यांचा स्पर्श. रस्त्यात गंगीचं डोकं त्याच्या बरगड्यांवर आपटायचं. सगळ्या जन्मात ज्याच्या जवळ गेली नसती अशा माणसाला ती चिकटून होती, कारण तिच्या अंगात पळायचं बळ उरलं नव्हतं. त्याला हे कळत होतं. तरी तो एका हातानं झोळी धरायचा आणि पुटपुटत राहायचा, “भी की गं मला. एकदा भिऊन दाखव.”

एका सकाळी डॉक्टरांनी सुई लावली आणि नंतर बराच वेळ तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

“आता आपल्या हातात फार नाही. घरी न्या. उबेला ठेवा. आजचा दिवस काढला तर वाचेल.”

परत येताना झोळीतलं अंग गार लागत होतं. घरी पोचल्यावर मंजुषानं तिला उचलून गोधडीवर ठेवलं, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्हीकडे लावल्या. बन्सीधर दारात उभा होता.

“तुमी जरा हितं बसा. मी चहा टाकते.”

“आलो,” तो म्हणाला आणि निघाला.

मंजुषाला त्या ‘आलो’चा अर्थ ठाऊक होता. हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं, पण गंगीच्या घशातून घरघर आली आणि ती तिकडे वळली.

देशी दारूच्या दुकानात बन्सीधरला कुणी काही विचारलं नाही. त्यानं पहिला ग्लास उभ्याउभ्या घेतला. आपल्या हातात आलेलं काहीही जगत नाही, मग हात थरथरला काय आणि न थरथरला काय, असं त्याच्या मनात चालू होतं. दुसऱ्या ग्लासानंतर तेही थांबलं.

इकडे दुपार कलताना गंगीनं मान उचलली. मंजुषानं कापसाच्या बोळ्यानं ओठांना पाणी लावलं, तर जीभ बाहेर आली. मग वाटीतलं पाणी, एक एक चमचा. ओकारी झाली नाही. आणखी थोडं. शेपटीचं टोक जरा हललं. मंजुषा एकटीच रडली, एकटीच हसली. सांगायला घरात कुणी नव्हतं. तिनं सोनपेठला फोन लावून वैदेहीला सांगितलं. “खरंच?” पोरगी म्हणाली. पण ‘पप्पा कुठंयत’ हे तिनं विचारलं नाही आणि मंजुषानंही सांगितलं नाही.

दिवेलागणीला ओट्यावर पाय घसटल्याचा आवाज आला. गंगीचे कान उभे राहिले. सुईची पट्टी बांधलेला पुढचा पाय फरशीवर टाकत, मागचं अंग फरफटत, ती गोधडीवरून उतरली आणि बाजेखाली शिरली. इतके दिवस जे बळ नव्हतं, ते आलं आणि सगळंच्या सगळं त्याच्यापासून लांब जाण्यात खर्च झालं.

बन्सीधर आत आला तेव्हा मंजुषा भिंतीला पाठ लावून उभी होती.

“गेली का?” त्यानं रिकामी गोधडी पाहून विचारलं.

“जगलीय.”

“मग?”

“तुमचा आवाज आला आन पळाली.”

तो जागच्या जागी बसला. बाजेकडे हात करून रडायला लागला. मंजुषा पहिल्यांदाच ओरडली. आजवर ती कधी ओरडली नव्हती.

“रडू नका माझ्यापुढं! तिच्या जिवासाठी मी दिवसभर देवाला हात जोडायले आन तुमी तिकडं ग्लासं मोजायलाव. मला लय भ्या वाटतंय तुमचं. आत्ताबी वाटायलंय. आज तोंडानं सांगते, ऐकून घ्या.”

तो बाहेर ओट्यावर जाऊन पडला.

सकाळी तो तोंड धुऊन दारात आला. आत पाऊल टाकलं नाही.

“मला परत केंद्रात जायचंय. येतीस का सोडायला?”

“न्हाई,” मंजुषा म्हणाली. “गेल्या खेपेला आलते. या खेपेला तुमचं तुमी जा.”

त्यानं ओट्यावर वाळत घातलेले दोन कपडे पिशवीत भरले. मग तो बसस्टँडकडे गेला. ती बघायला बाहेर आली नाही. गंगीला भाताची पेज भरवत बसली.

या खेपेला तो जास्त दिवस राहिला. हार घालायची वेळ आली तेव्हा नको म्हणाला. सिद्धोधननं मंजुषाला फोन करून विचारलं, घरी पाठवू का? ती लगेच हो म्हणाली नाही. तिनं आधी बालाजीला बोलावून पुढच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. मग म्हणाली, पाठवा. पण पुढच्या खोलीत मी आन गंगी. त्यांनी दुकानात झोपायचं.

तो दुकानात झोपायला लागला. गंगी तोवर वाढली होती. त्याला बघून ती आता मुतत नसे, लांबून भुंके आणि मंजुषाच्या मागे जाई. तो उभा राहिला की भुंकणं वाढायचं, म्हणून तो घरी आला की खालीच बसायचा. जमिनीवर बसून चहा, जमिनीवर बसून बोलणं. मोटारीही तो घरच्या ओट्यावर आणून बसून भरू लागला, कारण दुकानात एकटेपण डोकं खायचं. हात अजून थरथरायचे. तारेचं एक वेटोळं भरायला सकाळ जायची, पुन्हा काढून पुन्हा भरायचा.

वैदेही अजून आलेली नाही. फोनवर ती आता बापाचा आवाज आला तरी ठेवत नाही, गप्प राहते. तोही तिच्याकडे काही मागत नाही.

परवा तो असाच ओट्यावर मोटार भरत बसला होता. मागून पाठीला काहीतरी उबदार लागलं. गंगी त्याच्याकडे पाठ करून, त्याच्या पाठीला टेकून बसली होती, तोंड रस्त्याकडे. त्यानं वळून पाहिलं नाही. हातातली तारही खाली ठेवली नाही.

“जेवायला या,” मंजुषानं आतून हाक दिली.

“कसं येऊ?” तो अगदी हळू म्हणाला. “ही टेकलीय.”

मंजुषा दारात आली. तिनं दोघांकडे पाहिलं.

“मग बसा,” ती म्हणाली, आणि आत जाऊन आपलं ताट वाढून घेतलं. त्याच्या पायाला मुंग्या आल्या तरी तो तसाच बसून राहिला.