नक्कलनविसाचे वृत्त

गंगाखेडच्या कचेरीत तो निकालांच्या नकला उतरवी. मी बातमीसाठी नक्कल मागितली की तो टाकाने टेबलावर ठेका धरी आणि स्वतःच घडवलेल्या भाषेतले ‘प्राचीन’ काव्य ऐकवी: “इलमा तोरा नोरा तिलमा.” चरण ज्या ध्वनींनी सुरू होतो त्यांनीच संपला पाहिजे, हा त्याचा नियम. ती भाषा दुसऱ्या कुणालाही येत नव्हती. नक्कल उद्यावर जाई.

सरकारविरोधी चळवळीच्या दिवसांत हा ठेका पोलिसांच्या अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदारांच्या, कानी गेला. त्यांना तो फितुरांचा संकेत वाटला. मी मध्ये पडून ही कविता असल्याचे सांगितले. अमीनांनी ओळ स्वतः म्हणून पाहिली आणि ते हसून नक्कलनविसाला म्हणाले, “बकवास है बोल दे, और घर जा.”

मी त्याचा सदरा ओढला. “म्हणून टाका की हो!”

“बकवास कशी, साहेब? तुमी शेवटचं अक्षर आखूड केलं, म्हणून तसं वाटायलंय. लांबवून म्हणा.”

त्याला कोठडीत टाकले. मी उन्हातून वणवण करून जामीनदार घेऊन आलो, तेव्हा तो गजांवर बोटे वाजवत होता.

“जरा थांबा,” तो मला म्हणाला. “पहाऱ्यावरच्या शिपायाला आताच जमायलंय.”