चुलीत गेलेला खुरीस

मी एक खुरीस चुलीत ढकलला. खुरीस म्हणजे क्रूस, नारळाच्या पातीचा विणलेला, बोटाएवढा. अर्धाच जळला होता, ओढून काढता आला असता. मी ढकलला. हे पहिलं सांगून टाकते, नाहीतर पुढे जाऊन मी ते गाळीन, मला माहीत आहे मी कशी आहे ती.

गोवा राज्य झालं त्याच वर्षीचं हे, राज्य व्हायच्या दोन-तीन महिने आधीचं. नवरा खाणीच्या ट्रकवर, म्हणून सावंतवाडीकडचं गाव सोडून आम्ही डिचोलीला आलो. मुलगी माझी पाच महिन्यांची. खोली मिळाली ती एका म्हाताऱ्या ख्रिश्चन बाईच्या घराला लागून. सगळे तिला माय म्हणायचे, मीपण म्हणायला लागले. तिचा घोव, म्हणजे नवरा, आदल्या पावसात वारला होता. मुली लग्न होऊन लांब. ती एकटी, मी दिवसभर एकटी, मग काय, माझी पोर तिच्याच मांडीवर असायची.

तेव्हा कोंकणी की मराठी यावरून खूप पेटलेलं. दुकानात मी तोंड उघडलं की कोणीतरी घाटी म्हणायचं. मी घाबरून पिशवी उचलून निघायची. माय मात्र हसायची. "तुजी मराठी, म्हजी कोंकणी. आनी हें चेडूं रडटा तें कोणाच्या भाशेन गो?"

नाताळ मी तिच्याकडेच पहिल्यांदा बघितला. तिने वाटीत नाचणी भिजवून हिरवी रोपं काढली, ती नाताळसाठी मांडलेल्या गोठ्यात लावली, बाळ येशूच्या बाजूला. मला म्हणाली, "पाणी तू घाल, तुजी बोटां ल्हान." मी सातवीत शाळा सोडलेली, तिचं प्रार्थनेचं पुस्तक इंग्रजी अक्षरात, मला त्यातलं काही वाचता यायचं नाही, पण ती मोठ्यानं म्हणायची तेव्हा बरं वाटायचं, पोर पण झोपायची. मग दारावरचा नाताळचा तारा खाली उतरला, गोठा पेटीत गेला, आणि इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, जवळ आला.

आमची दोघींची पाणी तापवायची चूल एकच, मागच्या पडवीत. त्या दिवशी माय म्हापशाला बाजारात गेलेली. पोरीला सर्दी, नाक चोंदलेलं, दूध ओढता येईना, रडून रडून निळी व्हायला लागली. मला वाटलं आता गेली. गरम पाण्याने शेकवायचं तर घासलेट नव्हतं, दुकानात आलंच नव्हतं, लाकडं कच्ची, ओली. चुलीवरच्या फळीवर फडक्यात बांधलेलं सुकं चुडत होतं, म्हणजे नारळाच्या झावळीच्या पाती. आम्ही गावाला चूल चुडतानेच पेटवतो. मी फडकं सोडलं, मूठभर घेतलं, फुंकलं. पटकन पेटलं. आणखी मूठ घातली. शेवटच्या मुठीत काहीतरी टोचलं म्हणून बघितलं तर तो विणलेला. आडवी पात, उभी पात. मग चुलीत बघितलं तर तिथेही तसेच, काळे होऊन वळलेले. माझ्या हातातला निखाऱ्यावर पडला, त्याला लाल दोरा गुंडाळलेला होता. त्याचं एक टोक पेटलं.

मला कळलं होतं. देवाचं काहीतरी आहे हे कळलं. आणि मला काय वाटलं सांगू, अर्धा राहिला तर मायला दिसेल. खोली जाईल. पोरीला घेऊन कुठे जाऊ. मी फुंकणीनेच तो आत लोटला.

पोरीला शेकलं, तिचं नाक सुटलं, ती प्यायली आणि झोपली. मग मी न्हाणीमागचं जुनं चुडत आणलं, कोमट पाण्यात भिजवलं आणि विणायला बसले. देव्हाऱ्यावर मायने एक ठेवलेला, तो बघून बघून. पहिले चार मोडले. मग जमायला लागलं. फडक्यात बांधून परत फळीवर ठेवलं.

इंत्रूजच्या मंगळवारी मायने फडकं न सोडताच काखेत मारलं. तेव्हा मी विचारलं, हे काय आहे म्हणून. ती म्हणाली, गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी पाद्रीने आशीर्वाद दिलेल्या पाती. वाड्यावरच्या सगळ्या घरांतल्या तिच्याकडे गोळा होतात. इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, जाळून त्यांची राख करतात आणि ती बुधवारी कपाळाला लावतात. मनीस माती आहे, मातीत जायचा आहे, हे आठवायला.

मी पोरीला उचललं आणि खोलीत गेले.

बुधवारी ती आली, कपाळावर राखेचा खुरीस. माझ्या न्हाणीमागच्या चुडताचा. वाड्यावरच्या सगळ्यांच्या कपाळावर तोच असणार. तिने अंगठा आपल्या कपाळाला लावला आणि माझ्या पोरीच्या कपाळावर टेकवला. "हिका पळय देवा."

मग चाळीस दिवस त्यांचे उपासाचे. माय मांस खायची नाही, दर शुक्रवारी खुरसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जायची, गुडघे सुजवून यायची. मी आपली मासे सोडले. कोणाला सांगू आणि काय सांगू.

नवरा जेवताना म्हणाला, "गो, तू काय किरिस्ताव झालंस की काय? बांगडो माका एकट्याकच वाडतंस तो?"

"माका नको."

"मग मायकडे जा, ती तुका पाद्रीकडे घेऊन जायत."

तो हसला. मी मायला एकदा विचारलंच, पाद्रीला तुम्ही सांगता ना पाप, ते सांगितलं नाही तर? माय तांदूळ निवडत होती. "ना सांगल्यार? मागीर पास्काक देवाक तोंड कशें दाखयतलें?" पास्क म्हणजे त्यांचं ईस्टर.

झावळ्यांचा रविवार आला. माय हिरव्या कोवळ्या पाती घेऊन आली, ओट्यावर बसली. "हांगा बस, तुका शिकयतां." तिने एक पात माझ्या हातात दिली. माझी बोटं चालली. मला थांबवता आलीच नाहीत. ती सांगायच्या आधीच आडवी घडी, मागून फेर, टोक आत. माय बघत राहिली.

"तुका कोणे शिकयलें?"

मी रडायला लागले. सांगितलं. चूल, ओली लाकडं, पोर निळी झालेली, न्हाणीमागचं चुडत. एवढंच म्हटलं की मला कळलं नाही, माय, कळलं नाही. शेवटचं सांगितलं नाही.

मायने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नकळटां घडलें तें पातक न्हय. तुजें भुरगें जगलें." आणि थोड्या वेळाने, हातातली पात सरळ करत, "एक ताचो आशिल्लो. निमणो. म्हज्या दोळ्यांक दिसना म्हण हांवें तांबडें सूत बांदिल्लें. म्हाका वाटलें, तो ह्या वर्सा आमच्या सगळ्यांच्या कपाळार येतलो."

तिच्या नवऱ्याच्या हातचा शेवटचा. मी मान खाली घातली. तिने माफ केलं ते दुसऱ्याच कशाला. मी ते घेतलं, गप्प राहून घेतलं. गुड फ्रायडेला इगर्जेची घंटा वाजत नाही, लाकडाची खटखटी वाजवतात. ती ऐकली की मला वाटायचं माझ्याच दारावर कोणी ठोकतंय. त्यातच पोरीला जुलाब लागले. मी म्हटलं झालं, आली शिक्षा. माय दिवसभर उपाशी, तरी पोरीला कडेवर घेऊन तांदळाची पेज चमच्याने पाजत होती, मला रागे भरत होती, "तूं रडूं नाका, तुजें दूद आटत." शनिवारी पोर हसली.

पास्काच्या दुपारी माय म्हणाली, फुलं घेऊन सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत जायचंय, तू चल, माझे गुडघे दुखतात, फुलं तू धर. आम्ही गेलो. आपल्या नवऱ्याच्या थडग्यावर तिने झेंडू ठेवले, बाजूच्या कठड्यावर टेकली आणि म्हणाली, "आतां तूं ताका सांग. ताचो खुरीस. म्हाका सांगून कितें?"

मी पोरीला छातीशी धरलं आणि पुटपुटले. चूल पेटवली, कळलं नाही, माफ करा.

"व्हडल्यान सांग गो. ताका आयकूंक येनाशिल्लें."

म्हणजे बहिरा होता तो. मोठ्यानं सांगायचं म्हणजे मायला ऐकू जाणार. मी तिच्याकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती, पदराने मान पुसत, ऊन कडक होतं. मग मी परत सुरू केलं, मराठीत, ओरडूनच जवळजवळ. "मला दिसला तो. लाल दोऱ्याचा. खुरीस आहे हे कळलं होतं. काढता येत होता, अर्धाच जळला होता. मी आत ढकलला. मायला दिसू नये म्हणून ढकलला."

पोर दचकून रडायला लागली. माय उठली नाही, माझ्याकडे वळलीही नाही. मग तिने हात पुढे केले, पोरीसाठी, आणि मी दिली.