"बरी आहे" म्हणायची सवय

मंडळी, आत्ताच अलिबागच्या कोर्टातून घरी आले. माझी शाळेतली मैत्रीण सकिना हिची आज साक्ष होती. काशीदजवळ एका गाडीने ती बसली होती त्या रिक्षाला धडक दिली, तेव्हापासून तिच्या उजव्या हाताची मूठ वळत नाही. पर्यटकांना तांदळाच्या भाकऱ्या करून देऊन तिचं घर चालायचं. डॉक्टरांचा दाखला आहे, पण हात कायमचा अधू झालाय हे कोर्टाला पटलं, तरच पुरेशी भरपाई मिळेल.

विमा कंपनीच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "कशा आहात, चाची?"

"अल्हमदुलिल्लाह, बरी आहे," सकिना हसून म्हणाली.

"साक्षीदार बरी आहे म्हणते, याची नोंद व्हावी."

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर "हाऊ आर यू?" विचारायच्या, तेव्हा अंगात ताप असला तरी आम्ही दोघी "फाइन, थँक यू, सिस्टर" म्हणायचो.

मग आमच्या वकीलबाईंनी विचारलं, "भाकरीचं पीठ मळता येतं?"

सकिना हाताकडे बघत राहिली. "नाय येत. सून मळते. मी बाजूला बसून पाणी घालते." एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. हे ती माझ्याशीही कधी बोलली नव्हती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "चुकलं का गो माझं? कुणी कशी आहेस विचारलं, तर दुसरं काय सांगतात?"

तुमच्या घरातही कुणी रोज "बरी आहे" म्हणत असेल. आज तिला "कशी आहेस" ऐवजी "काय जमत नाही गं आता?" असं विचाराल का?