चारशे लेकरांची आई

बांधावर सखूमावशी घायपाताची पानं ठेचून दोरासाठी वाख काढत होती. मी तिला सांगितलं, हे झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथले जुने अझ्टेक लोक त्याला मायावेल नावाची देवी मानत. तिला चारशे स्तन, अन् चारशे ससे ही तिची लेकरं. झाडाच्या रसाची दारू होते, म्हणून ती सगळी दारूचे देव.

मावशीचा हात थांबला. "सगळीच पिणारी?"

"सगळीच."

"माझा एकटा पोरगा पितो तर जीव नकोसा होतो."

मी हसलो, तीही हसली. देवाची ओळख पराक्रमापेक्षा त्याच्या संसारावरूनच लवकर पटत असावी.

पुढचं पान कापण्याआधी मावशीनं झाडाला हात लावून कपाळाला नेला आणि हळूच विचारलं, "कसं गं निभावलंस, बाई?"