चूक झाली की केली

“तिनं चूक केली.”

सकाळच्या मीटिंगमध्ये बोर्डाशेजारी उभं राहून साहेब बोलले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर सगळं डिपार्टमेंट.

“पुण्याच्या मालाला नागपूरचं लेबल. आता तिच्या एकटीच्या सहीवर माल बाहेर जाणार नाही. खाली देशपांडे मॅडमची सही पाहिजे. विश्वासाचा प्रश्न आहे.”

माझी कानशिलं तापली. चूक माझी होती. ते मी कधीच नाकारलं नाही. पण ‘केली’ हा शब्द टोचला. कारण दिवाळीच्या आधी याच बोर्डाशेजारी मी दुसरा शब्द ऐकला होता.

तेव्हा लेबलं माझंच काम करणाऱ्या देशपांडे मॅडमनी उलटसुलट लावली होती. तसाच माल परत आला, तसाच कस्टमरचा फोन, तशाच शिव्या. साहेब म्हणाले होते, “मॅडमकडून चूक झाली. सणाचं लोड होतं, होतं असं.” झाली. जशी सर्दी होते, तशी झाली. कुणी केली नाही. त्यांच्या सहीखाली कुणाची सही लागली नाही. उलट कुणीतरी त्यांना चहा आणून दिला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं तोंड पोळलं मॅडमच्या दुधानं, आणि फुंकत होते माझं ताक.

मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत डिस्पॅचला होते. आमच्याकडे इलेक्ट्रिकचे पॅनल बनतात. खोक्यावर लेबल लावायचं, तपासायचं, चलनावर सही करायची, मग गाडी गेटबाहेर. डिप्लोमा करून लागले. सायखेड्याहून एसटीनं नाशिकचा द्वारका चौक, तिथून रिक्षानं कंपनी.

रुजू झाले त्या दिवशी मॅडमनी गोड आवाजात विचारलं, “सायखेड्यात कुठं राहता?”

“नदीकडे.”

“नदीकडे म्हणजे नक्की कुठं?”

आडनावावरून अंदाज लागला नव्हता, म्हणून हा वळसा. मी सरळ सांगितलं, “बौद्ध वस्तीत.”

“अच्छा, अच्छा,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ‘राहता’चं ‘राहतेस’ झालं.

मग सगळ्यांचंच झालं. मॅडम आल्या, साहेब आले, आणि ती आली. माझ्यानंतर लागलेला पोरगा पहिल्या दिवसापासून ‘जोशी सर’. मराठीत मान क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला असतो. माझ्या वाट्याला आली ती शेपूट आखूड.

एकदा जेवताना मॅडम म्हणाल्या, “कोट्यातली माणसं मेहनती असतात हं, पण त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.” अहो, खासगी कंपनीत कुठला आलाय कोटा? माझा इंटरव्ह्यू याच साहेबांनी घेतला होता. पण मी तेव्हा हसले. सगळे हसले म्हणून हसले. आजही राग येतो तो त्या हसण्याचा.

मीटिंग झाली त्याच दुपारी भिवंडीची गाडी लागली. माल भरला. मी एकेक लेबल तपासलं, सही केली. मॅडम आल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. खोक्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकही लेबल वाचलं नाही. सही करायला वाकल्या.

तपासायचं काहीच नव्हतं तर. नुसतं माझ्या नावाखाली त्यांचं नाव पाहिजे होतं.

“थांबा,” मी म्हणाले. “तुमच्या मालावर माझी सही लागणार का?”

“अगं, साहेबांनी सांगितलंय. मनाला लावून घेऊ नकोस.”

मी चलनबुक उचललं आणि छातीशी धरलं. बाहेरून ड्रायव्हर ओरडला, “ओ मॅडम, किती येळ उभी करायची गाडी? घोटीच्या पुढं घाटात लय ट्रॅफिक ऱ्हातं.” त्या गेटच्या आत मला मॅडम म्हणणारा तो एकटाच.

पॅकिंगचा संतोष हळूच म्हणाला, “ताई, कशाला वाढवता? जाऊ द्या.”

जाऊ द्या. आमच्या सात पिढ्या या दोन शब्दांत गेल्या.

साहेब तरातरा आले. “काय तमाशा लावलाय? दे ते इकडे.”

“साहेब, चूक मी केली. केलीच म्हणते. पण दिवाळीआधी मॅडमनीही केली. त्यांनाही तसंच म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा. आणि दुसरी सही ठेवायची तर दोघींच्या मालावर ठेवा. माझ्या एकटीच्या मालावर चालणार नाही.”

पॅकिंगचं काम थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

“तू मॅडमची बरोबरी करतेस?”

तेव्हा कुठं खरी गोष्ट बाहेर आली. लेबलांचा विषय कधी नव्हताच.

“हो,” मी म्हणाले. “करते.”

साहेबांनी माझ्या हातातून चलनबुक ओढून घेतलं, स्वतः सही केली, गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी माझी बदली स्टोअरला. तिथं मी, नटबोल्टचे ट्रे आणि एक पंखा. मॅडम आता दिसल्या की मोबाईल बघतात. आई दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत मजुरीला जाते. तिला सांगितलं तर म्हणाली, “नोकरी हाय ना? मग गप ऱ्हायचं. लय बोलली तू.” आठवडाभर ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिचा राग मला कळतो. गप राहूनच तिनं मला शिकवलं.

परवा साहेब स्टोअरला आले. आवाज मऊ. “झालं गेलं विसरून जा. मॅडमना सॉरी म्हण, डिस्पॅचला परत घेतो.”

“झालं नाही, साहेब,” मी म्हणाले. “तुम्ही केलंत.”

ते निघून गेले. आता नोकरीवरून काढतील, कदाचित. काढू देत. दुसरीकडे विचारतील, आधीची का सोडली? सोडली म्हणणार नाही. काढलं म्हणेन. कुणी काढलं आणि का, तेही सांगेन. सॉरी मात्र म्हणणार नाही.