रूथमावशींची साक्ष

रूथमावशी प्रार्थनेला कुणाच्या घरी गेल्या की आधी मोरीत शिरायच्या. घरची बाई "अहो, पाणी तरी घ्या" म्हणेपर्यंत यांनी पदर खोचून कालची खरकटी भांडी घासायला घेतलेली असायची. मी त्यांना स्कूटीवर न्यायचे, त्यामुळे ताटकळत उभं राहणं माझ्या नशिबी. एकदा वैतागून म्हणाले, "मावशी, प्रभूने तुम्हाला प्रार्थनेसाठी बोलावलंय की भांड्यांसाठी?" तर म्हणाल्या, "शीले, पिणाऱ्याच्या घरात बाईच्या अंगात पातेलं उचलायचीबी ताकद राहत नाय. त्या पसाऱ्यात तिला देव कुठून दिसंल?"

हर्सूलच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत शनिवारी दुपारी त्या बायकांची सभा घ्यायच्या. नवरा नाहीतर मुलगा दारू पितो, अशा बायकांची. मावशी स्वतः विधवा, वसतिगृहात जन्मभर पोळ्या लाटलेल्या, शिक्षण सातवी. "हे माझं पाचारण हाय," असं म्हणायच्या, आणि त्यांच्या तोंडी तो जड शब्द शेजारणीने मारलेल्या हाकेसारखा वाटायचा. पण त्यांच्याच घरात अनुग्रह होता. एकुलता एक मुलगा, रिक्षा चालवायचा आणि दुपारपासून प्यायचा. मंडळीत कुजबुज चालायचीच, दिव्याखाली अंधार म्हणून. मंडळीतले एक वडीलधारे तर तोंडावर म्हणाले, "बाई, आधी आपलं घर बघा." मावशींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाल्या, "खरंच हाय ना गं. वैदाचंच पोर खाटंवर, तर त्याची दवा कोण घेईल?"

आमच्याकडे सभेत साक्ष द्यायची पद्धत आहे. उभं राहून सांगायचं, मी अशी होते आणि प्रभूने मला असं सोडवलं. साक्ष नेहमी सुटलेल्याची असते. अडकलेल्याची कुणी देत नाही आणि खरं सांगायचं तर ऐकायलाही कुणाला नको असते. मावशी चार वर्षं सभा घेत होत्या, पण त्यांच्यापाशी स्वतःची साक्ष नव्हती. मग एकदा अनुग्रहने नऊ दिवस दारूला हात लावला नाही. मीच मागे लागले, "मावशी, येत्या शनिवारी सांगाच." शुक्रवारी तो पुन्हा पिऊन आला. त्याला रिक्षातून उतरवायला मीच हात दिला होता. तरी शनिवारी सगळ्या बायका आशेने तोंडाकडे बघत बसल्यावर मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा अनुग्रह सुटला." बायका रडल्या, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या सभेत सुनंदा होती. सासर करमाडचं. नवऱ्याच्या माराला कंटाळून दोन लेकरं घेऊन ती पाचोडला माहेरी राहत होती आणि तिथून एसटीने सभेला यायची. साक्ष ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून ती करमाडला नांदायला गेली. महिन्याभराने आली ती हात प्लॅस्टरमध्ये घेऊन. भांडली असती तर बरं झालं असतं. ती मावशींच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "तुमचा सुटला मावशी, माझा नाय सुटला. माझाच विश्वास कमी पडला."

मावशी त्या दिवशी सभा अर्धवट टाकून उठल्या आणि पुढे यायच्याच बंद झाल्या. मी घरी गेले की दारातूनच म्हणायच्या, "माझं तोंड बाटलं शीले. या तोंडानं आता कुणासाठी मागू?" अनुग्रह आता घरातच प्यायचा आणि मावशी कडी लावून घ्यायच्या. मी म्हणाले, सुनंदाला खरं सांगून टाका. त्यावर म्हणाल्या, "आन् पोराचं काय? सुटला म्हणून लोक त्याला जरा इज्जतीनं बोलतात. तेवढंबी काढून घेऊ?"

पाच महिन्यांत अनुग्रह गेला. लिव्हर संपलं होतं. तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना ठेवली. मंडळीचे पाळकसाहेब भला माणूस. ते म्हणाले, आपला भाऊ दारूच्या बंधनातून सुटून प्रभूत झोपी गेला, त्याच्या आईची साक्ष आपण ऐकलीच आहे. सुनंदा करमाडहून येऊन दाराशी बसली होती. मावशी भिंतीला धरून उठल्या. "थांबा पाळकसाहेब. माझं पोरगं सुटलं नव्हतं. पितपितच गेलं. मी लबाड बोलले." मग सुनंदाकडे वळल्या. "तुझा विश्वास नव्हता गं कमी पडला. म्याबी रोज मागत होते. मलाबी नाय मिळालं."

लोक चहा न घेताच उठले. मंडळीने मावशींची सभा काढून घेतली. मावशींनी सुनंदाला सांगितलं, "मार खा असं देवानं कुठं नाय सांगितलं. तू लेकरं घेऊन पाचोडला जा, त्याच्याकडं मी बघते." आणि शनिवारी माझ्या दारात उभ्या, गाडी काढ म्हणून. करमाडला सुनंदाचा नवरा ओट्यावर पिऊनच बसला होता. हसत म्हणाला, "या. तुमचा सोडवला म्हणे, मलाबी सोडवा."

"नाय रे बाबा," मावशी म्हणाल्या. "माझा सुटला नाय. मागल्या आठवड्यात पुरला त्याला."

त्याचं हसू गेलं. मावशी त्याच्या शेजारी टेकल्या आणि रडल्या. मुलाच्या मातीलाही त्या रडल्या नव्हत्या. पुढे दोन वर्षं आम्ही दर शनिवारी करमाडला जात राहिलो. त्याची दारू सुटली का, असं लोक मला विचारतात. नाही सुटली.

या उन्हाळ्यात मावशी गेल्या. दफनाला सुनंदाचा नवरा आला तोही पिऊन. कब्रस्तानाच्या फाटकाशी त्याच वडीलधाऱ्यांनी त्याला अडवलं. सुनंदा त्याच्याशी आता बोलत नाही, पण तीच पुढे झाली.

"येऊ द्या त्याला," ती म्हणाली. "असल्यांसाठीच तर बोलावलं होतं देवानं मावशींना."