जिवंत बाईचा टाक

मानमोडीचा ताप आमच्या जानेफळातून गेला, त्याला पुष्कळ वर्षे झाली. त्या तापाने म्हातारे सोडले आणि ऐन वयाच्या बायका नेल्या. शाळा पुन्हा उघडली तेव्हा मेलेल्या मुलींच्या जागा रिकाम्या असतील, हे मला ठाऊक होते. पण त्याहून जास्त जागा लग्न झालेल्या मुलींच्या होत्या. बायको गेलेल्या पुरुषांना घरात भाकरी करणारी हवी होती, आणि तीही अशी तातडीने, की तेराव्याच्या कढईतच साखरपुड्याची बुंदी तळावी.

माझ्या शेजारी तरटावर बसणारी मुलगी अशाच एका बिजवराला दिली. त्याचा थोरला मुलगा आमच्याच वर्गात. हजेरीला मास्तरांनी तिचे नाव पुकारले, तर तो उभा राहून म्हणाला, "माय घरी भाकरी थापून राह्यली, मास्तर." तापाच्या आधी त्याने तिची पाटी फोडली होती आणि तिने त्याला गुद्दा हाणला होता. सारा वर्ग हसला. मीही हसले. माझी पाळी यायची होती.

मला फक्त चौथीची परीक्षा द्यायची होती. पण ते घरात सांगायला तोंड उघडावे लागते, आणि ते मला कधी जमले नाही.

माझी आत्या उंद्रीला दिलेली. तिची धाकटी जाऊ मानमोडीने अंथरुणाला खिळली होती, पदरात दोन लेकरे. ती लेकरे आपल्याच गळ्यात पडणार हे ओळखून आत्या आमच्याकडे आली. जावेच्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या दिरालाही, सोबत आणले.

"दादा, पोरगी माह्या दिराले दे. पोर घरातल्या घरात राहीन."

"अवं, पण तुही जाऊ जित्ती हाय ना?" बाबा म्हणाले.

"आज हाय. वैद्यानं हात टेकले."

"मंग मरू तं दे तिले!"

"तू बस वाट पाहत. साऱ्या उंद्रीत बिजवरच बिजवर झाले. पोरी उरतीन का?"

दिराने माझ्याकडे पाहिले. "बोलत नाही का हे?"

"बोलणारी एक झाली ना, भाऊजी. आता मुकी बरी."

माय दाराआडून म्हणाली, "तिची परीक्षा तं होऊ द्या."

"सासरी गेली का देईनच!" आत्या म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर हसली.

आमच्याकडे बिजवराची नवी बायको पहिलीची आकृती ठोकलेला चांदीचा टाक गळ्यात घालते, म्हणजे मेलेली सवत छळत नाही. त्या साली मेहकरच्या सोनाराला टाकांतून सवड नव्हती. टाकावाचून लग्न अडायला नको, म्हणून आत्याने तो आधीच घडवून घेतला. बाई श्वास घेत होती आणि सोनार तिला चांदीत ठोकत होता. टाक घरी आला तो आत्याने कोनाड्यात ठेवला, नेमका आजारी बाईच्या डोळ्यांसमोर.

पुढचे आत्याने आमच्याकडे येऊन रडत सांगितले. "मेलीनं इचारलं, हा कोनाचा टाक? मी टाक पदराखाली घेतला. तं म्हने, मले भाकर द्या. तवापासून जेवूनच राह्यली!"

जित्या सवतीवर बाबांनी मला दिले नाही. पुढे हा आपला थोर विचार म्हणून ते चार लोकांत सांगत. मी परीक्षा दिली. पास झाले.

नंतर कधीतरी देऊळगाव राजाला बालाजीच्या जत्रेत ती बाई भेटली. आत्यानेच ओळख करून दिली, दुसरा उपाय नव्हता. बाई धडधाकट होती. लुगडे जरा वर करून तिने पाऊल पुढे केले. बोटांत चांदीची जाड जोडवी.

"टाक मोडून केले," ती म्हणाली. "चांदी वाया काऊन घालवा? तुह्या गळ्यातलं माह्या पायात आलं, पोरी. तू शिकली म्हणे?"

मी मान हलवली. तुमच्यामुळे, असे म्हणायचे होते. ते काही तोंडातून निघेना, म्हणून वाकले. जोडवी कपाळाला गार लागली.

आत्या म्हणाली, "पाहा, किती वळणाची पोरगी! माह्याच हातून गेली."